बाबांच्या वाटणीच्या गोळ्या

बाबा, आज करडी गावाहून एक म्हातारे आमच्या प्रयोगशाळेत रक्त तपासायला आले होते. हत्तीरोगाच्या गोळ्या खाऊन ताप चढलेला, सोबत लेक, रडकुंडीला आलेली. "गोळ्यायनंच झालं ना जी?" मी सहज बोलून गेले, "भेऊ नका, औषध लागू पडून राहिलं." ती निघून गेली आणि मी हा कागद पुढे ओढला. हे वाक्य मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर!

आठवतं ना, बारावीत असताना मी अंगणवाडीच्या बाईंबरोबर याच सरकारी गोळ्या वाटत फिरायचे. आपल्या विणकरांच्या गल्लीत कुणी हात पुढे करेना. तुम्ही मागाच्या खड्ड्यातून वर आलात, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात, "माही पोरगी देऊन राहिली त घ्याच लागते," आणि सर्वांदेखत गिळल्यात. संध्याकाळी तुम्ही थंडीनं कुडकुडताय, जांघेत गाठ आलेली, आणि शेजारची काकू दारातून ओरडते आहे, "पोरीनं बापाले जहर देल्लं!" दोन दिवसांत तुम्ही उठलात. मी मात्र त्या शब्दातून अजून उठलेली नाही.

आता रोज सूक्ष्मदर्शकाखाली बघते. रक्तात लालसर दाण्यांनी भरलेल्या पेशी असतात. जंताची अळी त्यांच्यापेक्षा कितीतरी मोठी, एकट्या पेशीला ती गिळता येत नाही. म्हणून त्या घोळक्यानं तिला चिकटतात आणि स्वतःतलं विष तिच्यावर ओततात. पण जंत लबाड. शरीराला गप्प बसवून तो वर्षानुवर्षं आत राहतो. गोळीनं अळ्या मरायला लागल्या की शरीर एकदम जागं होतं, तुटून पडतं, आणि ताप येतो. तुमचं अंग लढत होतं, बाबा. आणि मी त्याला जहर समजले. हे शिकले तोवर तुम्ही नव्हतात. वरातीमागून घोडं, दुसरं काय.

पुढे तुमचा डावा पाय सुजत गेला. खड्ड्यात उतरताना तो दोन्ही हातांनी उचलून आत ठेवायचात. मग माग बंदच झाला. गोळ्या वेळेवर मिळत्या तर पाय वाचला असता का? डॉक्टर म्हणतात, सांगता येत नाही. मला 'हो' चालेल, 'नाही' चालेल, हे 'सांगता येत नाही' सोसत नाही.

माग चालू होता तोवर, गोळ्यांचे दिवस आले की तुम्ही विचारायचात, "काहून बाई, यंदा माह्या गोळ्या नाही आल्या?" मी म्हणायचे, "नाही आल्या, बाबा." माझ्यावर विश्वास ठेवून तुम्ही पुन्हा मागावरचा धोटा हातात घ्यायचात.

हा कागद स्लाइडच्या रिकाम्या डब्यात ठेवून देते. गोळ्या दर वर्षी आल्या होत्या, बाबा. "बापाले जेवल्यावर देतो" असं बाईंना सांगून मीच ठेवून घ्यायचे, आणि चुलीत टाकायचे.