तिसरं कडवं

आबा, परवा थोरल्या नातीच्या हळदीत तुमचं गाणं लावलं होतं. मांडवात डीजेच्या पेट्या, छातीत धडधड व्हावी इतका आवाज, आणि पोरी सगळ्या पिवळ्या होऊन नाचतायत, 'वळून बघा की राया, मी उंबऱ्यात उभी'. मी कडेला खुर्चीत बसले होते. शेजारी बसलेल्या नातवाला म्हटलं, हे माझ्या वडिलांनी लिहिलंय. तो हसला. म्हणाला, "आजी, हे फोक आहे. फोक कुणी लिहीत नसतंय." माझं टाळकंच सरकलं. म्हटलं, "मग काय आभाळातून पडतंय व्हय रे?" तर त्यानं मोबाईलच नाकापुढं धरला. गायिकेचं नाव, संगीतकाराचं नाव, आणि गीतकाराच्या जागी नुसतं 'पारंपरिक'. पोरगं खोटं बोलत नव्हतं, मग त्याच्यावर कशाला डाफरायचं? त्याला म्हटलं, जा, जेवून घे.

पारंपरिक म्हणे! अहो, चाळीतल्या आपल्या खोलीत चुलीपुढं उकिडवं बसून तुम्ही ते रचलंत, आणि मी समोर कांदा चिरत होते. मिलची पहिली पाळी करून यायचात, केसांत, भुवयांत कापूस, हात धुतले की परात पुढं ओढायचात. भाकरी तुम्हीच थापायची. माझी जाड होते म्हणून मला पिठाला हात लावू द्यायचा नाहीत. थापता थापता ओठ हलायला लागले की मी ओळखायची, लोकनाट्याच्या पार्टीसाठी नवं गाणं चाललंय. कागद तुम्हाला खपायचा नाही. "कागदावर घातलं की वाळतंय त्ये, तोंडात ऱ्हाऊ दे," म्हणायचात. आणि रीत सगळी उलटी. लोक मुखडा आधी जमवतात, तुम्ही शेवटचं कडवं आधी जमवायचात, जुन्या शाहिरांसारखं नावानिशी. पहिल्यांदा गुरूचं नाव, मग आपलं गाव केम, मग तुमचं. मी एकदा विचारलं, असं का हो? तर म्हणालात, "आदी दाराला पाटी, आक्का, मग घर. बिननावाचं गानं बेवारशी हुतंय. कुनीबी हात धरून नेतंय."

या गाण्याच्या पाटीवर मात्र चौथं नाव होतं. आईचं. ती गेली तेव्हा मी इतकी लहान होते की मला तिचा चेहराही आठवत नाही, आणि तिचा एक फोटोसुद्धा आपल्याकडं नव्हता. तुम्हाला कितीदा विचारलं, आई कशी होती हो? "चांगली हुती," म्हणायचात आणि बादली उचलून नळावर जायचात. अन् त्या दिवशी चुलीपुढं, चालीवर, तिचं नाव तुमच्या तोंडून आलं, आणि नावापुढं ती काय करायची त्याची एक ओळ. माझी विळी थांबली. तुम्ही भाकरी उलटलीत, माझ्याकडं न बघता म्हणालात, "बसतंय का बरूबर?" मी मान हलवली आणि पुढचा कांदा घेतला. आबा, आईबद्दल तुम्ही मला उभ्या जन्मात जे सांगितलंत ते तेवढंच, ती एक ओळ.

पार्टीतल्या बाईंनी ते गाणं असं उचललं की सोलापुरातल्या थेटरात तीनतीनदा वन्समोअर. तुमच्या नावाच्या ओळीला त्या पदर सावरून विंगेकडं बोट करायच्या आणि पब्लिक टोप्या उडवायचं. मग कोल्हापूरची सिनेमावाली मंडळी आली. तुम्ही स्टुडिओत जाऊन आलात ते काय खुशीत! पायातल्या चपला काढायच्या आत सांगायला लागलात. संगीतकार म्हणाला 'बघा की' मधली 'की' काढा, गावठी वाटते. तुम्ही म्हणालात, "की काडली तर सोलापूरच काडल्यागत हुतंय, त्ये जमायचं न्हाय." मग तो म्हणाला, पडद्यावर गीतकार म्हणून तुमचं नाव देतो, पण तिसरं कडवं काढू, गाणं लांबतंय. "तवा मी काय म्हनलो आक्का? म्हनलो, पडद्यावरचं वाचतंय कोन? आमचं निम्मं पब्लिक अंगठेबहाद्दर. तितं नाव घालूच नका, कडवं तेवढं ऱ्हाऊ द्या. लगीच व्हय म्हनले की!" अहो आबा, मंडईत वांगं घ्यायचं तर देठापासून बुडापर्यंत फिरवून बघणारे तुम्ही. त्यांनी इतक्या पटकन हो म्हटलं, तिथं का नाही शंका आली? पण खरं सांगायचं तर मलाही आली नाही. आपल्या घरात गाण्यातलं नाव हेच खरं नाव होतं, बाकी सगळं तात्पुरतं.

सिनेमा लागला त्याच्या आदल्या दिवशी तुम्ही मला नव्या पेठेत नेलंत. माझी पहिली इरकल. दुकानदाराला ऐटीत सांगितलंत, "जरा बरी दावा, हिच्या आईचं नाव यायचंय शिनेमात." 'माझं नाव' म्हणाला नाहीत. 'हिच्या आईचं' म्हणालात. तो शेटजी आपला घड्या मोडत राहिला, त्याला काय ठाऊक.

थेटरात तुम्ही, मी आणि शेजारची तेलुगू मावशी. तिचा नवरा हातमागावर, तिला मराठी बेताचंच, पण भिंतीपलीकडून ऐकून ऐकून तिला अख्खं गाणं पाठ झालं होतं. सुरुवातीच्या पाट्यांत तुमचं नाव नव्हतंच, ते ठरल्याप्रमाणं. मध्यंतराच्या अगोदर गाणं लागलं. मुखडा झाला, शिट्ट्या. पहिलं कडवं, दुसरं कडवं, नाणी उडाली. तुम्ही माझं मनगट धरलंत. आता येणार. ढोलकीचा तुकडा वाजला, नटीनं गिरकी घेतली, आणि पडद्यावर एकदम पाटलाचा वाडा. कुणीतरी चहा पितंय. तुमचा हात तसाच. अंधारात तुम्ही मला हळूच म्हणालात, "आजून हाय एक." लहान पोराला समजावतात तसं. मावशी पलीकडून म्हणाली, "अय्यो, अयिपोयिंदा?" संपलं पण, एवढ्यात? तुम्ही तिलाही सांगितलंत, "न्हाय न्हाय, आजून हाय." आणि सिनेमा संपेपर्यंत, लोक उठून गेल्यावरही, झाडूवाला रांगेत येईपर्यंत तुम्ही बसून होतात. त्या रिकाम्या पडद्याकडं बघत बसलेले तुम्ही मला आजही सहन होत नाही.

बाहेर आल्यावर मी आदळआपट केली. म्हटलं, चला कोल्हापूरला, जाब विचारू. शब्द दिला होता की नाही? तुम्ही म्हणालात, "आन् काय सांगू? बायकूचं नाव वगाळलं म्हनून भांडाय आलोय? हसत्यात लोक." पानाच्या टपरीशी थांबलात, पान घेतलंच नाहीत, तसेच चालायला लागलात. पुढं तर कहरच झाला. रेकॉर्ड गावोगाव वाजायला लागली आणि पार्टीच्या खेळात बाईंनी तिसरं कडवं धरलं की पब्लिकच ओरडायचं, "ओ बाई, सिनेमातलं म्हणा, सिनेमातलं!" ज्यांनी टोप्या उडवल्या तेच हे. बाईंनी ते कडवं सोडलं. त्यांचं पोट होतं त्याच्यावर, त्यांना नावं ठेवत नाही मी. एकदा धुणं वाळत घालताना मी सहज ते गुणगुणत होते, तर तुम्ही आतून ओरडलात. माझ्यावर कधी आवाज न चढवणारे तुम्ही! "त्ये कडवं म्हनायचं न्हाय या घरात. मेलेलं मानूस किती डाव उचलायचं?" मी हातातला टॉवेल दोरीवर टाकला. मग पुन्हा कधी म्हटलं नाही.

त्यानंतरही तुम्ही गाणी केलीत, पण शेवटचं कडवं आधी करणं बंद झालं. नाव घालणंही. मी विचारलं तर "येळ जातोय उगाच," म्हणालात, मिलमधल्या मागाबद्दल बोलावं तसं. खोकला वाढला, सिव्हिलमध्ये ठेवलं, तिथंही शेजारच्या खाटेवरचा माणूस रेडिओवर तेच गाणं ऐकत होता. तुम्ही त्याला सांगितलं नाहीत. मीही नाही. मला वाटलं होतं तुम्ही तरी सांगाल, आणि तुम्हाला कदाचित वाटलं असेल मी तरी सांगेन.

तुम्ही गेल्यावर दिवस झाले, पाहुणे पांगले, आणि चुलीपुढं बसून मी पहिल्यांदा तिसरं कडवं मोठ्यानं म्हटलं. आता कोण रागावणार होतं? गुरूचं नाव आलं, केम आलं, तुमचं आलं. आईचं नाव आलं. आणि पुढं काहीच नाही. चाल होती, शब्द नव्हते. तोंडात ठेवलेलं तोंडातूनच गेलं होतं. पार्टीतल्या बाई तोवर वारल्या होत्या. मावशीला जाऊन विचारलं, तर तिलाही चालच तेवढी आठवत होती; ती माझ्या गालावरून हात फिरवून रडायला लागली.

हे लिहून मी कुठं टाकणार आहे, आबा? पण नातवाला मी ठासून सांगितलं ना की शब्द तुमचे, म्हणून तुम्हाला तरी खरं कळावं. चाल रिकामी ठेववत नव्हती, म्हणून त्या जागी मी माझी एक ओळ घातली. ओल्या केसांनी दारात बसलेली आई. बसते अगदी बरोबर, मात्रा कुठं अडत नाही. भाकरी थापताना तेच म्हणते मी इतकी वर्षं, आणि आता डोळे मिटले की आई मला ओल्या केसांचीच दिसते. ती मी केलेली आई आहे. तुमच्या ओळीतली कशी होती, ते मला आठवत नाही.