आमच्या गटाराची इज्जत

एअरोसिटी, मोहाली
सोमवार

चि. सौ. चित्रास,

आशीर्वाद. आम्ही दोघं धडधाकट आहोत. तूही असणार, कारण परवा फोनवर तू एवढा वेळ भांडलीस पण तुला दम लागला नाही. गुडघ्याला तेल लावतेस ना? लावत जा. पत्र लिहिते आहे ते एवढ्यासाठी, की फोनवर तू माझं एक वाक्य पुरं होऊ देत नाहीस.

इराला दिवाळीला सांगलीला धाडून दे, माझी मुलगी गटारं उपसायला शिकली नाही, असं तुझं म्हणणं. मलाही आधी तसंच वाटलं होतं. नॉलेज सिटीत संशोधन करायला आलेली भाची सकाळी माझ्या गॅलरीतल्या कपडे वाळत घालायच्या बांबूला बाटली बांधून सोसायटीच्या मॅनहोलवर वाकलेली दिसली, तर कुठल्या मावशीला बरं वाटेल? समज द्यायला म्हणून मी चपला घालून खाली उतरले आणि तिथेच अडकले.

ती म्हणाली, माणसाला ताप यायच्या आधीच विषाणू सांडपाण्यात दिसू शकतो, आणि त्याचा जीनोम वाचला की तो जुना आहे की नव्या शाखेचा ते कळतं. तुला समजेल असं सांगते. माझ्या जर्नलमधला बेडूक आठवतोय? मी त्याचं यकृत उजवीडावीकडे उलटं काढलं होतं. पुढच्या वर्षी तू तो बेडूक जसाच्या तसा उतरवलास आणि वर हृदय विसरलीस. त्याच्या पुढच्या वर्षी आपल्या धाकट्या शशिकांतने तुझा उतरवला, तेव्हा यकृत उलटं, हृदय नाही, आणि एक पायही कमी. अच्युतराव मास्तरांनी नुसत्या चुका बघून कोणी कोणाचा बेडूक चोरला ते बरोबर सांगितलं. विषाणूही स्वतःची नक्कल करताना असाच चुकतो. इरा मास्तरांचंच काम करते. (छडी तेवढी नाही.)

यात वाईट काही दिसेना, म्हणून सोसायटीच्या सभेत मीच तिची बाजू मांडली. आमचे अध्यक्ष कर्नल बाजवा म्हणाले, "ओ जी, साडे गटर विच की मिलना?" (म्हणजे, आमच्या गटारात काय मिळणार?) सत्संगवाल्या मिसेस सूदनी मला कोपऱ्यात ओढून विचारलं, "शालिनीजी, इसमें अंडा तो नहीं दिखेगा?" (सासूबाई आल्या आहेत त्यांच्या.) मी सांगितलं, अंडं दिसणार नाही, कुठल्या घरातून काय आलं तेही कळणार नाही. विषाणू तेवढा शोधायचा आहे. सगळ्यांनी माना डोलावल्या.

पण त्या रात्री कर्नलसाहेबांनी सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं, "कल जाँच है. इज्जत का सवाल है." झालं. सकाळी घराघरातून फिनेल ओतलं गेलं. मीही एक बाटली ओतली. पाहुणा येणार म्हटलं की आपण मोरी घासतोच, बी.एस्सी. झालं म्हणून ती सवय जाते का?

तपासणीत काहीही सापडलं नाही. कर्नलसाहेबांनी जिलेबी वाटली. इराने ती तोंडात घातली नाही. मिरचीच्या झाडावरचा एक निरुपद्रवी विषाणू असतो म्हणे, तो आपल्या जेवणातून सांडपाण्यात हटकून उतरतो, त्यावरून नमुना खरा की खोटा ते ओळखतात. आमच्या नमुन्यात तोही नव्हता. "मावशी, अख्ख्या सोसायटीत कुणी मिरचीच खाल्ली नाही असा अर्थ होतो याचा!" पंजाबी आणि सांगलीकर एका छपराखाली, आणि मिरची नाही! तिच्या सरांनी ही सोसायटी सोडून द्यायला सांगितलं. मग तिचं वर्षाचं काम वाया जाणार. "आईचंच बरोबर असेल. तिकीट काढते," म्हणाली.

तुझं काम फत्ते झालं होतं, चित्रा. पण पोरगी रडत नव्हती. बांबू स्वच्छ धुऊन, पुसून, गॅलरीत होता तसा ठेवत होती. ते मला बघवेना.

मी तडक कर्नलसाहेबांची बेल वाजवली. म्हटलं, "आपने अपने ही संतरी की आँख पर पट्टी बाँध दी, और अब जलेबी बाँट रहे हैं कि दुश्मन नहीं दिखता!" (आमचे हे, नंदकुमार, जिन्यात उभे होते. वर यायचं धाडस त्यांना झालं नाही.) कर्नल म्हणाले, "मैडम, ये पहले बताना था ना." इराच्या सरांकडे ते स्वतः गेले आणि आणखी एक संधी मागून आले. आता नमुन्याच्या दिवशी सकाळी ते शिट्टी घेऊन उभे असतात. फिनेलचा वास आला की कुणाची धडगत नाही.

आणि नवी शाखा सापडली, सोसायटीत कुणी खोकलंही नव्हतं तेव्हा. तळघरातल्या हॉलमध्ये माता की चौकी, म्हणजे देवीच्या भजनांची बैठक, व्हायची होती, ती बागेत हलवली. म्हाताऱ्यांना मास्क लावले. पुढे काही घरांत ताप आला, पण कर्नलीणबाई (छाती नाजूक, गेल्या हिवाळ्यात इस्पितळात होत्या) ठणठणीत राहिल्या. कर्नल डोळे पुसत इराला म्हणाले, "बेटी, तूने मेरी कुलवंत को बचा लिया." इरा म्हणाली, "अंकल, एवढ्यावरून ते सिद्ध होत नाही." कौतुकसुद्धा तपासून घेते तुझी मुलगी.

शेजारच्या सोसायटीला कर्नल आता ऐकवतात, "आपके गटर में तो अभी पुराना वाला ही चल रहा है."

असो. तुझ्या हुकमाप्रमाणे इरा दिवाळीला येते आहे. तिच्या आवडीच्या करंज्या कर.

तुझी,
ताई

ता. क. भाऊबीज झाली की ती परत येईल. तिचं काम पुढे चालू ठेवायला सरांनी मान्यता दिली आहे. इथली पालक म्हणून मी सही केली. तू फोनवर होतीस तेव्हाच केली.

ता. क. दुसरा. मुख्य गोष्ट राहिली. तुलनेसाठी तिला नदीकाठचं एक गाव हवं आहे. मी तुमची गल्ली सुचवली. कोपऱ्यावरचं झाकण महापालिकेचं कोण उघडतं ते विचारून ठेव, आणि कपडे वाळत घालायचा बांबू काढून ठेव. नमुन्याच्या दिवशी मोरीत फिनेल ओतू नकोस. मी तुला ओळखून आहे. मिरची मात्र रोजच्यासारखी खा. आपला नमुना खरा आहे, एवढं तरी पोरीला कळू दे.