पेठेतली सामायिक भिंत

बाबा, काल दुसरी काचही फुटली. पहिली फुटली तेव्हा मी स्वतःची समजूत घातली होती की मांजर गेलं असेल, नाहीतर डबा काढताना माझाच हात लागला असेल. म्हणून दुसरी लावली ती कोठीच्या खोलीत फडताळाच्याही वर. तुम्ही दाखवली होती तशीच, भिंतीच्या भेगेवर आडवी, दोन्ही टोकांना चुन्याचा गोळा, मध्ये बोटभर मोकळी. सहा दिवस टिकली. काल पिंपातून तांदूळ काढायला गेले, वर बघितलं, तर मधोमध तडकलेली. काच तडकली म्हणजे भिंत सरकते आहे. पेठेत हे कळणारं माणूस आता मीच उरले आहे आणि तुम्हाला जाऊन सव्वीस वर्षं झाली. तरी लिहिते आहे, कारण बोलायला गेले की खरं तोंडातून निघत नाही.

बंदरावरच्या जुन्या जकात कचेरीत तुम्ही काच लावलीत तेव्हा मी दहा वर्षांची होते. चौथीनंतर शाळा सुटली होती, तुमची भाकरी पोचवायची एवढंच काम. परत येताना तुम्ही पुढे चालता आहात, चुन्यानं पांढऱ्या झालेल्या बोटानं दारांवरचे दगड दाखवता आहात. "ह्ये वाच." कुठं घर बांधल्याचं साल, कुठं धन्याचं नाव, तेल्यांच्या आळीत इस्राएल लोकांच्या प्रार्थनाघरावर तर आपल्याला कुणालाच न येणारी अक्षरं. मी अडखळले की तुम्ही थांबायचात. तुम्हाला स्वतःला अक्षर येत नव्हतं हे मला फार नंतर कळलं. मी काहीही वाचलं असतं तरी तुम्ही मान डोलावली असतीत. आज मी वाचनालयातून जाड जाड पुस्तकं आणते, पण सुरुवात त्या दगडांवर झाली. घरं वाचायला मात्र तुम्ही शिकवलंत. म्हणायचात, "ही घरं पंगतीत बसलेल्या बायांसारखी हायेत, येकमेकीला टेकून. मधली उठली की दोगी कलंडतील."

पुढे तुम्ही दुसऱ्या कामावर असायचात, तेव्हा जकात कचेरीतली काच रोज बघून यायचं काम माझं झालं. एके दिवशी ती फुटलेली दिसली. मला वाटलं, मलाच बोल लागेल. मी घरी येऊन सांगितलं, चांगली आहे. तीन दिवस तेच सांगितलं. चौथ्या दिवशी तुम्ही स्वतः गेलात. मी मार खायच्या तयारीनं चुलीपाशी उभी राहिले. तुम्ही हात धुतलेत, जेवायला बसलात आणि आईकडे बघून म्हणालात, "काच हिनं फोडली न्हाय. तीन दिस माझी मानसं त्या भितीखाली काम करत व्हती, ते मात्र हिनं केलं." माझ्याकडे बघितलंतही नाही. त्या रात्रीचं मला काही आठवत नाही, ते वाक्य तेवढं आठवतं.

आता माझं काय झालं ते सांगते. आमची आणि शेजारच्या खालांची भिंत एकच, हे तुम्हाला सांगायला नको. माझं लग्न झाल्यावर दुसऱ्याच वर्षी तिला दोन्ही अंगांनी चुना तुम्हीच केला होता, गूळ आणि बेलफळाचं पाणी घालून. सामायिक भिंतीला कुणी एकट्यानं हात लावायचा नाही, ही पेठेची रीत. आधी शेजारी विचारायचं, काम सुरू होताना नारळ इकडून, सरबत तिकडून. त्या दिवशी खालांच्या सासूनं दिलेल्या सरबताचा पेला तुम्ही ओट्यावर बसून प्यायलात, मी दारातून बघत होते.

तुमचे जावई गेल्यावर मी पुढची खोली शनिवार-रविवारच्या पाहुण्यांना द्यायला लागले. पेठेतली बरीच घरं तेच करतात. पाहुणे ओट्यांचे, कौलांचे फोटो काढतात आणि मग विचारतात, आत न्हाणीघर जोडून आहे का. म्हणून मी त्या भिंतीला लागून न्हाणीघर बांधून घेतलं. खाला तेव्हा लेकीच्या बाळंतपणाला म्हसळ्याला गेल्या होत्या. दोन महिने थांबले असते तर काय बिघडलं असतं? कंत्राटदार म्हणाला, लोणा लागलाय, खारानं भिंत सुटतेय, चुना खरवडून सिमेंट मारू, वर टाइल्स, कटकट मिटली. मी हो म्हटलं. तुमचा चुना त्यांनी हातोड्यानं पाडला. गोणी भरभरून पांढरा भुगा बाहेर गेला आणि मी त्यांना चहा करून दिला. चुन्याच्या भिंतीला सिमेंट लावलं की आतली ओल आतच कोंडते आणि भिंत कुजते, हे मला तुमच्याकडून शंभर वेळा ऐकून ठाऊक होतं. तरी.

खाला परत आल्या, त्यांना टाइल्स आवडल्या. सामायिक भिंतीवर काय केलंत, हे त्यांनी विचारलं नाही, कारण मी विचारल्याशिवाय काही करीन असं त्यांच्या मनातच आलं नाही. दोन पावसाळे गेले. भिंत माझ्याकडून आत गेली आहे आणि त्यांच्याकडे फुगली आहे. गेल्या महिन्यात खाला हसत म्हणाल्या, "वैनी, भितीला कितवा मैना?" मीही हसले. त्या फुगवट्याखाली त्यांची खाट आहे आणि शेजारी नातवाचा पाळणा. मुलगा कुवेतला, घरात त्या, सून आणि ते पाच महिन्यांचं पोर.

आज सकाळी गेले. मनात सगळं घोकून गेले होते. सून पाळणा हलवत होती. मी म्हटलं, "आधी पाळणा मागच्या पडवीत न्या." ती म्हणाली, "का काकी, नजर लागली काय कुणाची?" पण माझा चेहरा बघून तिनं पोर उचललं. मी भेगेचं सांगितलं, काचेचं सांगितलं. खाला भिंतीवर हात फिरवत उभ्या राहिल्या.

"जुन्या घराला भेगा जायच्याच. बाईच्या टाचेला जातात तशा."

"तशी नाही ही, खाला."

"मग एक सांगा. मोरी बांधलात तेवा या भितीला हात लावलात काय?"

बाबा, मी नाही म्हटलं. आणि नुसतं नाही म्हणून थांबले नाही. म्हटलं, "टाइल्सच्या आत बाबांचाच चुना आहे."

खालांचा चेहरा लगेच मोकळा झाला. "मग कशाला घाबरवता वो! मिस्त्रींचा हात हाय तो. सगळी पेठ पडंल, ही भित नाय पडायची." सुनेला म्हणाल्या, पाळणा आण परत. मी हातापाया पडल्यासारखं करून तो पडवीतच ठेवायला लावला. खाट मात्र हलवू दिली नाही. नगरपालिकेत कळवायचं नाव काढलं तर म्हणाल्या, "नोटीस चिकटवतील, दोघींना भायेर काढतील. तुम्ही कुठं जाल?" कुठं जाणार? मुलाचं पनवेलचं घर दीड खोलीचं. हीच भीती मला दोन आठवडे गप्प ठेवत होती, आणि ती त्यांच्या तोंडून ऐकल्यावर मला क्षणभर बरं वाटलं. मग खाला डोळे दाखवायला अलिबागला गेल्या. संध्याकाळपर्यंत त्या खाटेवर कुणी नाही, म्हणून मला हे लिहायला वेळ मिळाला.

दुपारभर मी ऐकते आहे. पेठेतून पाहुण्यांची गाडी गेली की टाइल्सच्या मागून वाळू ओघळल्यासारखा आवाज येतो. मृग तोंडावर आलाय. नोटिशीची भीती आहे, पनवेलची आहे, खालांच्या नजरेची तर फारच आहे. पण त्या तुमच्या नावाच्या भरवशावर आज त्या भिंतीखाली झोपतील, याच्याइतकी कशाचीच नाही.

बाहेर रिक्षा थांबली. खाला रिक्षावाल्याला ऐकवतायत, "दवा घातलाय डोळ्यात म्हनून भाडं जास्त सांगतोस काय रे?" आता उठायला हवं. चुना पाडला, सिमेंट लावलं, खालांना न विचारता लावलं, एवढंच त्यांना सांगायचं आहे, आणि खाट ओढायला हात लावायचा आहे. हा कागद कुठं टाकायचा नाही, फडताळात राहील. एक कबूल करते. सकाळी तुमचं नाव घेतलं ते घाबरून, पण तोंडातून गेल्यावर मला वाटलं होतं, बाबा सांभाळून घेतील.