तुझं नाव सापडलं नाही

प्रिय डॉर्सी,

सोमवारी सकाळी तुझं नाव सापडलं नाही! मी स्वयंपाकघरात अशी काही किंचाळले की तुझ्या मेहुण्याच्या, वेंडेलच्या हातातली कॉफी त्याच्या धुतलेल्या सदऱ्यावर सांडली आणि शेजारचा कुत्रा भुंकत कुंपणाशी आला. आज गुरुवार, तरी माझा घसा अजून बसलेलाच आहे. सगळं क्रमाने सांगायचं असं ठरवून बसले आहे, पण तू मला ओळखतोस. गोष्ट सुरू केली की मी आधी शेवट सांगून टाकायची आणि तू कानात बोटं घालून अंगणात पळायचास. आज शेवट राखून ठेवणार आहे. तू फक्त हे पत्र मधेच टाकून देऊ नकोस.

तुला कल्पना नसेल, पण गेली कित्येक वर्षं मी तुला रोज भेटत होते. राज्याच्या तुरुंगखात्याचं इंटरनेटवर एक पान आहे. कोणीही उघडावं, कोणाचंही नाव घालावं. ग्रंथालयातल्या बाईंनी मला ते उघडायला शिकवलं आणि तेव्हापासून माझी सकाळ तिथेच सुरू होते. तुझा कैदी क्रमांक मला माझ्या स्वतःच्या फोन नंबरापेक्षा जास्त पाठ आहे. तो घातला की तू यायचास, शनिवार-रविवारी पान जुनंच असतं तरी. नाव, जन्मतारीख, कोणत्या तुरुंगात आहेस, सुटकेची अदमासे तारीख, बस्स. तेवढ्यावरून मी तुझी हालहवाल ताडत बसायची. तुला उत्तरेकडे हलवलं तेव्हा मी तिथली थंडी बघून दिवसभर वेंडेलवर चिडचिड केली, जणू काही त्यानेच तुला पातळ जॅकेट दिलं होतं. मग तुला किनाऱ्याजवळ आणलं, तर मी वादळांच्या बातम्या ऐकायला लागले. लोक सकाळी उठून हवामान बघतात, मी तुला बघायची.

दुसरं करणार तरी काय? आई गेली त्यानंतर तिच्या अंत्यविधीचे फोटो पर्समध्ये घालून मी तुझ्याकडे आले होते, तर फाटकावरचा माणूस म्हणाला, "बाई, भेटीच्या यादीत तुमचं नाव नाही. त्याने स्वतःच काढलंय." मी त्याच्याशी कडाकडा भांडले. म्हटलं, तुमच्याच कागदांत घोळ असणार, माझा भाऊ असं करणार नाही. त्या गरीब माणसाने मला प्यायला पाणी आणून दिलं. घरी पोचले तर तुझी चिठ्ठी आलेली. मी मेलो असं समजा, म्हणे! अरे शहाण्या, असं ठरवून कोणाला कोणी मेलेलं समजू शकतं का? मेलेल्या माणसाला रोज सकाळी कॉफीचा कप हातात घेऊन कोण शोधतं?

वेंडेल तुझं नाव घेत नाही. का, ते मी तुला सांगायला नको. पण आता एक गुपित फोडते, त्याला कळलं तर कळू दे. रोज सकाळी मी त्या पानापाशी बसले की तो पाठमोरा उभा राहून पावाला लोणी लावत विचारायचा, "आहे?" मी म्हणायची, "आहे." मग तो कोंबड्यांना दाणे घालायला जायचा. या विषयावर आमच्या घरात इतकंच बोलणं. एखाद्या दिवशी मला उशीर झाला तर तो तोच पाव पुन्हा पुन्हा लोण्याने माखत उभा राहायचा, पण दाराबाहेर पडायचा नाही.

तर सोमवारी त्याने विचारलं, "आहे?" आणि पान म्हणालं, या क्रमांकाचा कोणी सापडला नाही. मी पुन्हा घातला. मग नावाने शोधलं. आपल्या आडनावाचे भलतेच कोणी गिलियम निघाले, तू नव्हतास. तेव्हा मी किंचाळले. कारण ते पान फक्त आत असलेल्यांचं आहे, माणूस बाहेर पडला की त्याचं नाव तिथून जातं. मी खुर्चीवरून उठून नाचत होते आणि वेंडेल सदरा पुसत होता. पुसता पुसता तो हळूच म्हणाला, "रुथेल, आत मेला तरी नाव जातंच ना?" मी परत खाली बसले. त्या पानाला काय, सुटलेला आणि मेलेला दोन्ही सारखेच.

अशा वेळी सरकार आपणहून फोन करून कळवतं, अशी एक सोय असते. ती मला देऊ केली होती आणि मी रागाच्या भरात नको म्हटलं होतं. ती सोय कोणाला देतात ते तुला ठाऊक आहे. त्यावर मी शेवटी येते.

तुरुंगखात्याचा फोन सुरू व्हायला अजून वेळ होता, म्हणून मी सिस्टर ओडेलांना फोन केला. आपल्या चर्चच्या त्याच ओडेला, रविवारच्या वर्गात तुला शेंगदाणे खाताना पकडायच्या. म्हटलं, डॉर्सीचं नाव पानावर दिसत नाही, काय झालंय कळत नाही, प्रार्थना करा. प्रार्थनेसाठी म्हणून एकीने दुसरीला फोन करायचा ही आपल्याकडची रीत, पण दुसरीपर्यंत पोचेतो कोण थांबतंय! अर्ध्या चर्चने ठरवलं तू सुटलास, अर्ध्याने ठरवलं तू गेलास, आणि सगळ्यांनी एकदमच चुली पेटवल्या. आपल्याकडे कोणी घरी परत आलं तरी तळलेली कोंबडी, बटाट्याचं सॅलड, पाउंड केक, आणि कोणी देवाघरी गेलं तरी तेच. त्यामुळे कोणाचंच काही अडलं नाही. दुपारपर्यंत आपल्या अंगणात गाड्याच गाड्या! ब्रदर टॉलिव्हर काळा सूट घालून आले, टाय मात्र खिशात. मी विचारलं, तर म्हणाले, "आधी कळू दे, मग बघतो बांधायची का." मला हसावं की रडावं कळेना, म्हणून मी दोन्ही केलं.

फोन लागेचना. लागला तर नुसतं संगीत. बायका ताटल्या हातात घेऊन भिंतीला टेकून उभ्या होत्या, एकीचंही तोंड उघडं नव्हतं, आणि त्या बायका तुला माहीत आहेत. शेवटी एक बाई बोलली. तिने क्रमांक विचारला, मी न अडखळता म्हणून दाखवला. ती म्हणाली, "थांबा हं." डॉर्सी, त्या थांबण्यात मी देवाला काय काय कबूल केलं ते मी आयुष्यभर फेडत राहीन. मग ती म्हणाली, "सुटलाय. शुक्रवारी. पॅरोलवर." मी ते मोठ्याने म्हटलं आणि घराचं छप्पर उडायचंच बाकी राहिलं! ओडेला या वयात सॅलडचं पातेलं छातीशी धरून गोल गोल फिरल्या. टॉलिव्हरांनी खिशातून टाय काढली आणि डोक्यावर गरगर फिरवली. मी दुसऱ्या कानात बोट घालून ओरडले, "कुठे गेला तो?" बाई म्हणाली, "ह्यूस्टनकडे पाठवलंय. राहण्याचा पत्ता आम्ही देत नाही. आणि शिक्षा संपायच्या आत सोडलंय, म्हणून त्याला एक अट घातली आहे," असं म्हणून तिने ती अट वाचून दाखवली. ती ऐकून मला असं हसू फुटलं की बाई चिडली. म्हणाली, "बाई, यात हसण्यासारखं काय आहे?" मी म्हटलं, "तुम्हाला नाही कळायचं हो, तुम्ही फार गोड आहात."

वेंडेल कुठे होता म्हणशील. तो त्या गर्दीत नव्हताच. मी शोधत मागे गेले, तर मागच्या खोलीचं दार सताड उघडं होतं. आम्ही ती खोली झाडायला उघडतो आणि लगेच बंद करतो, तू समजू शकतोस. तो तिथे खिडकीची फाटलेली जाळी काढून नवी ठोकत होता. तोंडात खिळे धरून म्हणाला, "या खोलीत डास येतात." इतक्या वर्षांत त्या खोलीत कोणी झोपलेलं नाही, डास आले काय आणि न आले काय! पण हातोडी खाली पडली ती मी उचलून दिली.

मंगळवारी मी फोनला चिकटले. ह्यूस्टनमध्ये सुटलेल्या माणसांना ठेवून घेणारी जी जी घरं आहेत ती एकामागून एक धरली. सगळीकडे एकच उत्तर, इथे कोण आहे आणि कोण नाही ते आम्ही सांगत नाही. बरोबर आहे त्यांचं, पण ऐकून ऐकून माझं डोकं उठलं. मग एका घरी एका म्हाताऱ्या माणसाने फोन घेतला. त्यानेही तेच वाक्य म्हटलं. मी म्हटलं, ठीक आहे, देव तुमचं भलं करो. तर तो फोन ठेवीना. मग म्हणतो, "हे बघा, मी काही सांगत नाहीये. मी फक्त विचारतोय. तुमचा हा जो भाऊ आहे, तो भांडी घासताना गुणगुणतो का? आणि तेही बेसूर?" मी म्हटलं, "इतकं बेसूर की आई त्याला अंगणात हाकलायची!" तो म्हणाला, "असं? मी काही सांगितलं नाही हं. पण इथे कोणाच्या नावाने पत्र आलं तर आम्ही ते फेकून देत नाही." आणि त्याने मला पत्ता सांगितला. देवाची शपथ, मी रिसीव्हरचा मुका घेतला.

घरची बातमी म्हणशील तर पिकनचं झाड यंदा भरभरून लागलंय. तुझ्या खोडसाळ कोंबडीची नात की पणती अजून टपालवाल्याच्या पायाला चोच मारते. माझे गुडघे गेले, दात मात्र सगळे माझेच आहेत. तळ्यावर जायचा रस्ता आता पक्का केलाय, वळणावर दिवा बसवलाय. तो दिवा लावून घ्यायला वेंडेलने किती खेटे घातले ते त्याचं त्याला माहीत. पूर्वी तिथे तुम्ही तिघं मासे धरायला जायचात तेव्हा मिट्ट काळोख असायचा. काल संध्याकाळी त्याने माळ्यावरून गळाच्या काठ्या खाली काढल्या. एक त्याची, एक तुझी, आणि ती तिसरी, आखूड. तिन्ही पुसल्या, तेल लावलं, आणि ओसरीवर भिंतीला टेकवून ठेवल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "लिहिते आहेस ना? माझंही लिही."

आता ती अट. फोनवरच्या बाईने वाचून दाखवलं की मृत मुलाच्या कुटुंबाशी तू कुठलाही संबंध ठेवायचा नाही, त्यांनी स्वतः परवानगी दिल्याशिवाय. ती बिचारी मला नुसती तुझी बहीण समजत होती. तिला काय माहीत, त्या रात्री तू पिऊन चालवत असलेली गाडी तळ्याच्या वळणावर आदळली, तेव्हा तुझ्या शेजारी बसलेला जेव्हॉन माझा होता. मी त्याची आई आहे, म्हणून तू सुटताना मला सावध करायची सोय त्यांनी देऊ केली होती. मी म्हटलं होतं, मी माझ्या भावाला भीत नाही, मला सावध करू नका. तुझ्या पॅरोलचं निघालं तेव्हा प्रत्येक वेळी ते त्या मुलाच्या आईला विचारत, आणि प्रत्येक वेळी मी समोर जाऊन सांगून आले, त्याला घरी पाठवा. रागावले नव्हते असं नाही, डॉर्सी. खूप रागावले होते, आणि तू यादीतून माझं नाव काढलंस तेव्हा दुप्पट रागावले, कारण मग जेव्हॉनबद्दल मी बोलणार कोणाशी? त्याला सायकल तू शिकवलीस, तो तुझ्यासारखाच बेसूर गायचा. काल सकाळी वेंडेल आणि मी पॅरोलच्या कचेरीत गेलो आणि दोघांनी सह्या केल्या. तिथल्या माणसाने विचारलं, परवानगी नक्की कोणाला? मी तोंड उघडायच्या आत वेंडेल म्हणाला, "डॉर्सी गिलियमला. आमच्या घरी." इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याच्या तोंडून तुझं नाव ऐकलं. तुला आमच्याकडे यायला मनाई होती, तुला बोलवायला आम्हाला कोणाचीच नव्हती, म्हणून हे पत्र. आज सकाळी सवयीने पुन्हा त्या पानापाशी बसले. वेंडेलने पाठमोऱ्यानेच विचारलं, "आहे?" मी म्हटलं, "नाही," आणि आम्ही दोघंही हसलो. पण रे बाळा, आता रोज सकाळी मी तुला कुठे बघू? जेव्हॉनच्या मागच्या खोलीत स्वच्छ चादर घातली आहे. ये.

तुझीच मोठी बहीण,
आणि जेव्हॉनची आई,
रुथेल