उतरण्यासारखं बंदर

ता. ९ जानेवारी
बोटीवरून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मी ठणठणीत आहे, तू विचारायच्या आधीच सांगते. पाय सुजतात, पण ते घरीही सुजायचे. फोन करत नाही म्हणून फुगून बसू नकोस. तुला एका कानानं ऐकू येत नाही आणि मला इथे चार बायांच्या खोलीत ओरडता येत नाही. पत्रच बरं. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय आहेत, चौथीतच शाळा सुटली त्याला मी काय करू. लावून घे.

लाँड्री बोटीच्या पोटात आहे. एकच गोल खिडकी, ताटाएवढी. दिवसभर चादरी, टॉवेल, वाढप्यांचे पांढरे कोट. लोक सुट्टीवर येतात की कपडे मळवायला येतात, देव जाणे. एक म्हातारं जोडपं आहे, दिवसाला सहा टॉवेल लागतात त्यांना. आंघोळ करतात की पोहतात, विचारायला हवं.

आता मुद्द्याचं. आमची बोट आता नव्या मार्गावर आहे. चौदा दिवसांची फेरी, पाच बंदरं, नावांचा छापील कागद सोबत घातलाय. चौथं बंदर ते आहे. कुठलं ते लिहीत नाही, तुला कळलं.

बोट तिथे आठ तास थांबते. प्रवाशांना आदल्या दिवशी कागद वाटतात, काय बघायचं त्याचा. या बंदराला कागदावर चारच ओळी. एक मनोरा, एक बाजार, समुद्राच्या कडेनं चालायचा रस्ता. ते म्हातारं जोडपं जिन्यात उभं राहून भांडत होतं, उतरावं की नाही. ती म्हणे, एवढे पैसे भरलेत, पाय तरी लावून येऊ. तो म्हणे, इथे जेवण तयार आहे, थंडगार आहे, तिथे उन्हात मरायला कशाला. शेवटी मला विचारलं, बाई, उतरण्यासारखं आहे का. मी म्हटलं, मला काय विचारता, मी टॉवेल धुते.

आम्हालाही चार तासांची सुट्टी मिळते. दोन फेऱ्या झाल्या, मी उतरले नाही. खिडकीतून धक्क्याचं फाटक दिसतं. तिथे दिव्याच्या खांबाला टेकून एक माणूस उभा असतो, पांढरा शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. बोटीतून उतरणारा एकेक माणूस बघत असतो. दोन्ही वेळेला होता. बघून मला गार वाटलं, आणि आमच्या खोलीत गार वाटायची सोयच नाही.

भावजी आणि आपला मधला भाऊ तिथे बोटीची टाकी साफ करायला उतरले त्याला एकवीस वर्षं झाली. कंपनीचं पत्र तू वाचून दाखवलंस तेव्हा आईनं हातातलं भांडं खाली ठेवलं नव्हतं, तसंच धरून बसली होती, ते मला आठवतं. भावजींना तिथेच माती दिली आणि मधला बुडाला तो सापडलाच नाही, असं तू म्हणालीस. मग जाऊन भावजींची जागा तरी बघू का? का नको? तू मोठी, तू सांग.

आईला सांभाळ. माझ्यावरचा जीव आहे तेवढा असू दे, त्याला नीळ-खळ करायची गरज नाही.

तुझी धाकटी


ता. १६ जानेवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं. अक्षर लागलं. पायांना गरम पाण्याचा शेक दे आणि उभ्यानं जेवत जाऊ नकोस.

आई बरी आहे. डोळ्यांनी आता फक्त उजेड-अंधार कळतो. दुपारी तिला ह्यांची ट्रंक उघडून लागते. तेव्हा ह्यांचे कपडे पार्सलनं आले होते ना, धुतलेले, घडी घातलेले, त्यातला तो निळा शर्ट मांडीवर घेते आणि कॉलर चाचपत बसते. तास तास. म्हातारपण आहे, मी काही म्हणत नाही. तुझी बोट कुठे कुठे थांबते म्हणून तिनं विचारलं. मी कागदावरची बाकीची चार नावं वाचून दाखवली. ते एक गाळलं.

त्या बंदरावर उतरू नकोस. बघण्यासारखं काय आहे तिथे? एक दगड असेल, त्यावर शेवाळ असेल. तो बघून तुझे पाय दुखतील आणि माझं डोकं. त्या चार तासांत झोप काढ. आणि कोणाच्याही शर्टाकडे बघत बसू नकोस, फाटकावर हमाल उभे असतात.

काळजी घे. आम्हा दोघींची आठवण तुझ्या उशाशी असतेच.

तुझी ताई


ता. २३ जानेवारी
बोटीवरून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू नको म्हणालीस म्हणून नाही, भीती वाटली म्हणून उतरले नाही. पण आता ऐक, आणि बसून वाच.

आमचं सुकवायचं मोठं यंत्र बिघडलंय. म्हणून त्या बंदरावर आम्ही निम्मा माल काठावरच्या एका लाँड्रीत देतो, बोट सुटायच्या आधी तो परत येतो. काल वाढप्यांचे कोट आले. मी एकेक दाबयंत्राखाली घालत होते. सातव्या कोटाच्या कॉलरला बोट लागलं आणि माझा हात तिथेच थांबला. यंत्र खाली आलं असतं तर बोटं गेली असती. मुकादमीण ओरडली, झोपलीस का म्हणून.

कॉलरच्या आत लाल धाग्याची खूण होती. दोन उभे टाके, एक आडवा, आणि गाठ वर.

ताई, गाठ वर. जगातले सगळे लोक गाठ आत मारतात. वर मारली तर मानेला टोचते, गिऱ्हाईक बोंबलतं. बाबांची नजर अधू होती, म्हणून ते धुवायला आलेल्या कपड्यांच्या खुणा बोटानं वाचायचे आणि त्यासाठी गाठ वर ठेवायचे. आपण तिघंही तसंच शिकलो. मला पहिल्या नोकरीत त्यापायी शिव्या बसल्या होत्या, ही काय अडाण्यासारखी गाठ मारतेस म्हणून. ही आपल्या घरची चूक आहे. दुसऱ्या कोणाची असायचं कारणच नाही. आणि धागा नवा होता. रंग हाताला लागत होता.

मी कार्ड घेऊन शिडीपाशी गेले. कार्ड लावलं, यंत्र टुण्ण वाजलं, म्हणजे बोटीच्या हिशेबी मी बाहेर. तीन पायऱ्या उतरले. फाटकाशी तो पांढऱ्या शर्टवाला होता. तो माझ्याकडे बघतोय असं वाटलं आणि मी परत वर आले. दारावरचा शिपाई हसला, एवढ्यात फिरून आलात का म्हणाला.

मधला जिवंत असेल का गं? तूच एकटी वाचणारी होतीस घरात, कंपनीच्या पत्रात नक्की काय शब्द होते ते आठवून लिही. आणि आईला विचार, गाठ वर मारायला आणखी कोणाला शिकवलं होतं का बाबांनी.

पाच फेब्रुवारीला बोट परत तिथे लागेल. त्याआधी लिही. ताई म्हणून नाही, तर निदान शेजारीण समजून लिही.

तुझी धाकटी


ता. ३० जानेवारी

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

आईला मी काही विचारलेलं नाही आणि विचारणार नाही. तूही तिला एक अक्षर कळवायचं नाहीस.

गाठ वर मारणारे जगात आपणच का? कोणीतरी आंधळा दुसरीकडेही असेल. तू दिवसभर वाफेत असतेस, नीट जेवत नाहीस, म्हणून असं दिसतं. एकवीस वर्षांपूर्वीच्या पत्रातले शब्द मला आठवत नाहीत.

समज, तो जिवंत आहे. मग एवढी वर्षं त्याला आई आठवली नाही, अशा माणसाला भेटून काय करशील? आणि समज, तो जिवंत नाही. मग कशाला उतरतेस? दोन्हीकडून तुझ्या हाताला काही लागत नाही. त्याला बंदरं बघायची फार हौस होती, तीच नडली. तू तोच वसा घेऊ नकोस.

माझी शपथ आहे. यापुढे या विषयावर मी लिहिणार नाही.

आईच्या सांध्यांवरचं मलम संपत आलंय, तुमच्या बोटीवर मिळतं ते पाठव.

तुझी ताई


ता. ६ फेब्रुवारी
बोटीवरून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मलम वेगळं पाठवते आहे.

तुझी शपथ मोडली. टाकीत उतरून मेलेल्या माणसाला बंदर बघायची हौस कशी नडली, ते मला कळेना. दोन दिवस तेच वाक्य डोक्यात फिरत होतं, धुलाईच्या यंत्रात एखादं बटण सुटून आपटत राहतं ना, तसं. तू लपवायला लिहिलंस आणि मी त्यावरूनच उतरले.

फाटकावर कोणी नव्हतं. खांब होता नुसता.

लाँड्री मागच्या गल्लीत आहे, दोन खोल्या आणि एक अंगण. मालकीण माझ्याच वयाची, आडवी, तोंडात कायम कपडे वाळवायचा चापा धरलेला. तिची भाषा मला येत नाही, माझी तिला नाही. मी माझ्या कॉलरची गाठ दाखवली. तिनं चापा तोंडातून काढला आणि तुझ्या-माझ्या भाषेतली शिवी दिली, बाबांची ठेवणीतली. दुसरा एकच शब्द तिला येत होता, "धाकटी". तो शब्द म्हणून तिनं माझ्याकडे बोट दाखवलं. ताई, मी तिथल्या ओल्या फरशीवरच बसले.

मग हातवारे करून आणि बोटीवरच्या मोडक्यातोडक्या बोलीत तिनं सगळं सांगितलं. मधला तिच्याकडे सतरा वर्षं कामाला होता. चार वर्षांपूर्वी गेला, छातीच्या दुखण्यानं. खूण ती त्याच्याकडून शिकली, गाठ वर का, ते तिला आजही माहीत नाही. भावजींच्या शेजारीच त्याला ठेवलंय. भावजींची जागा तो रोज झाडायचा. दगडावर शेवाळ नाही, तू म्हणालीस तसं. अजून ती झाडते.

त्या दिवशी टाकीत उतरायची पाळी मधल्याची होती. त्यानं भावजींना म्हटलं, दोन तास बंदर बघून येतो, तेवढं माझ्याऐवजी उतरा. मनोरा बघून परत आला तेव्हा धक्क्यावर गर्दी होती.

आपल्या भागातली बोट लागली की तो फाटकाशी खांबाला टेकून उभा राहायचा. उतरणारा एकेक माणूस बघायचा. चढण्याएवढे पैसे त्याच्याकडे असायचे, तरी परत यायचा आणि सांगायचा, आज नको. मी तिला म्हटलं, पांढरा शर्ट, बाह्या दुमडलेल्या, मी तीनदा बघितलं. ती म्हणाली, आता तिथे कोणी उभं राहत नाही. मी जे बघितलं ते लिहिलं, तू वाफेचं म्हण की काही म्हण.

त्याच्या पेटीत एकच पत्र होतं. मला चार ओळी वाचायला दहा मिनिटं लागली. अक्षर तुझं. "आईला मी तू बुडालास म्हणून सांगितलं आहे. तसाच राहा. बंदर बघायला गेला होतास ना? मग आता तेच बघत बस." घड्यांवर कागद फाटला होता, मागून कापड शिवून जोडला होता. धागा लाल.

पत्र मी आणलं नाही. ते त्याचं आहे.

मी तुला काय बोलू? भावजी गेले तेव्हा तू तीस वर्षांची होतीस, हे मला दिसतं. आई एकवीस वर्षं पोरगा गेला म्हणून बसली आणि तो सतरा वर्षं जिवंत होता, हेही दिसतं. दोन्ही एकदम बघता येत नाही मला, मी एवढी शिकलेली नाही.

आईला तू सांग. मी सांगणार नाही. माझा राग कधी उतरेल माहीत नाही, पण मलम लावत जा तिला.

धाकटी


ता. १३ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
आशीर्वाद घेशील तर आहेत.

ते पत्र मीच लिहिलं. कंपनीचं पत्र फक्त ह्यांच्याबद्दल होतं, आणि त्याच दिवशी आलेलं पार्सल उघडलं तेव्हा वर त्याची चिठ्ठी होती आणि खाली ह्यांचे कपडे. चिठ्ठीत त्यानं सगळं खरं लिहिलं होतं, एक शब्द स्वतःच्या बाजूनं नव्हता. खोटं लिहिलं असतं तर मी कदाचित सोडून दिलं असतं. वर्षभरानं राग गेला, पण तोवर तो मेलेला होऊन गेला होता. मेलेल्याला परत कसं आणायचं, ते मला जमलं नाही. रोज वाटायचं, उद्या लिहीन. अशी एकवीस वर्षं झाली. आणि तो नाही, हे मला तुझ्या पत्रानं कळलं.

काल आईला सांगितलं. पाठीला मलम लावताना, कारण तेव्हा तिचं तोंड माझ्याकडे नसतं. सगळं सांगितलं, पत्रासकट.

ती म्हणाली, मला माहीत आहे.

तिनं निळा शर्ट मागितला आणि माझं बोट धरून कॉलरवर ठेवलं. गाठ होती. वर. एकवीस वर्षं मी त्या शर्टाची ट्रंक उघडते आहे, मी कधी हात लावून बघितलं नाही. आई म्हणाली, जावई घरून निघाले तेव्हा हा शर्ट कोरा होता, मीच घडी घातली होती. त्यांच्या मागे हा कोणी धुतला आणि त्यावर आपली खूण कोणी घातली? बुडालेला माणूस शिवायला बसत नाही.

मी म्हटलं, मग बोलली का नाहीस. म्हणाली, तुझा नवरा गेला होता. त्याच्यावर आणखी तुला खोटी कशी पाडू? तू आपण होऊन सांगशील म्हणून थांबले.

मग विचारलं, केव्हा गेला. मी सांगितलं. तिनं शर्ट चेहऱ्याशी धरला. संध्याकाळी जेवायला मात्र बसली. जेवताना म्हणाली, धाकटीच्या बोटीवर म्हाताऱ्या बाईला घेतात का, विचार.

तर विचारते आहे. शिडीला दोन्ही बाजूंनी कठडा आहे का? पायऱ्या किती? फाटकापासून ती जागा तिच्या पावलांनी चार तासांत जाऊन येण्यासारखी आहे का, की खुर्ची लागेल? मलाही यायचं आहे. मला झाडू मारू देतील का, तेही त्या बाईला विचारून ठेव.

दोनदा मी तुला नको म्हणाले. आता तू सांग, ते बंदर उतरण्यासारखं आहे का. जे असेल ते लिही, मी वाचून दाखवीन. या वेळी काहीही न गाळता.

तुझ्या उत्तराकडे दोघी कान लावून आहोत, माझा चांगला कान.

तुझीच,
ताई