तात्यांचं काळं ताट

ती. आत्याबाई,

नमस्कार लिहायला हात वळत नाही, तरी करते.

उद्या तुमचं वर्षश्राद्ध. कुसुमवन्सं येणार आणि जाताना देवघरातलं तुमचं चांदीचं ताट आईची आठवण म्हणून नेणार. त्याआधी तुम्हाला चार शब्द सुनवायचेत. तुम्ही होता तेव्हा मी पदर सावरून गप्प बसले. आता तुम्ही ऐका.

परवा ते ताट घेऊन कळंबला सराफाकडं गेले. त्यावर तुमचं नाव कोरून घ्यावं, लेकीला बरं वाटेल, एवढाच विचार. माझ्या तात्यांनी लग्नात दिलेलं ताटही पॉलिशला म्हणून पिशवीत टाकलं. सराफानं तुमचं ताट पालथं केलं, काळ्या दगडावर घासलं आणि त्या रेघेवर तेजाबाचा थेंब सोडला. थेंब हिरवा झाला.

"वहिनी, हे जर्मन सिल्व्हर हाय. चांदी औषधालाबी न्हाय. तांबं, जस्त आन् निकेल."

मी म्हटलं, अहो, मागं छाप आहे की! तर म्हणाला, ती कारखान्याची छाप. हॉलमार्क असता तर त्रिकोण असता, शुद्धतेचा आकडा असता.

मग तात्यांचं ताट मशीनखाली ठेवलं. शंभरात ब्याण्णव भाग चांदी, बाकी तांबं. "एवढं तांबं घालावंच लागतंय, न्हायतर ताट हातानं वाकंल. आन् काळं पडतंय ते चांदी हाय म्हणूनच. हवा लागली की चांदी काळी पडती."

ऐकताय ना, आत्याबाई?

दर महालक्ष्म्यांना तुम्ही दोन्ही ताटं शेजारी शेजारी मांडायचात. "बघा बाई, माझ्या बापाचं ताट, लई वर्सं झाली तरी लखलखीत. आन् हे हिच्या बापाचं. काळं ठिक्कर. आमच्या डोळ्यांत धूळ फेकली." हळदीकुंकवाला आलेल्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. मी चिंच लावून ताट घासायची, बोटं सोलून निघायची, आणि पंधरा दिवसांत ते पुन्हा काळं.

मला बोललात ते मी गिळलंही असतं. पण एका वर्षी तात्या माझ्या माहेरगावाहून, ईटहून, जेवायला आले होते, पंगतीत बसले होते. त्यांच्यासमोर बोलायची काय गरज होती? जिभेला काही हाड?

तात्या अर्ध्या जेवणावरून उठले. अंगणात मला बाजूला घेऊन म्हणाले, "पोरी, गणू सोनारानं मला फसवलं का गं?"

गणूकाका त्यांचे लहानपणापासूनचे दोस्त. ताट त्यांनीच घडवलेलं. त्या दिवसापासून तात्या त्यांच्याशी बोलले नाहीत. पारावर गणूकाका आले की तात्या उठून घरी यायचे. माझं काय चुकलं, असं ते बिचारे ज्याला त्याला विचारत राहिले आणि तसेच गेले. पुढं तात्याही गेले. शेवटच्या दुखण्यात माझा हात धरून म्हणाले, "तुला खोटं दिलं गं म्या." सराफ काय म्हणाला ते आता मी कुणाला सांगू?

एकदा तरी तपासून बघावं असं का वाटलं नाही तुम्हाला? दर बाजाराला कळंबला जात होतात. सराफाचं दुकान भाजीच्या वाटेवरच आहे.

येताना एसटीत मी ठरवलं होतं, उद्या भरल्या घरात दोन्ही ताटं मांडायची आणि तुमच्याच शब्दांत बोलायचं. शब्द तोंडपाठ आहेत मला. पण मग तुमचे वडील मनात आले. मी त्यांना पाहिलेलं नाही. त्यांनीही कुठल्याशा दुकानात छाप बघून, लेकीला द्यायचं म्हणून विश्वासानंच घेतलं असेल. त्या माणसाला कशाला बोल लावू?

तर शब्द देते. तुमचं ताट वन्संना देईन, नाव कोरून आणलंय. ते कशाचं आहे हे माझ्या तोंडून कधी निघणार नाही. तात्यांचं ताट मात्र सगळ्यांना दाखवीन, ब्याण्णवची चांदी आहे आणि गणूकाकांच्या हातची आहे, हे मोठ्यानं सांगीन. तुमच्या बापाची अब्रू मी राखली, आत्याबाई. पण तुम्हाला माफ केलेलं नाही. तात्यांचं ताट पॉलिश न करताच परत आणलंय. उद्या तुमचा नैवेद्य त्यातच वाढीन, काळं आहे तसंच. जेवा त्यात.

तुमची सून,
ईटच्या शंकरतात्यांची लेक
शोभा