तांडेलांनी निवडलेला हेडक्लार्क

रत्नागिरी, दसऱ्याची आदली संध्याकाळ, १९३१

वसंता बंदरावरचा हेडक्लार्क झाला. बातमी पक्की, आगबोट कंपनीच्या एजंटसाहेबांनी स्वतः मला सांगितली. माझ्या साप्ताहिकात दोनच ओळी देईन, पण इथे लिहायला हरकत नाही: धाकट्या भावाने आज माझी छाती फुगवली!

गणपतीनंतर समुद्र खवळला तेव्हा यानेच लाल बावटा चढवून उतारूंना आगबोटीपर्यंत नेणारे पडाव थांबवले. आगबोट उतारू न घेताच मुंबईला गेली. चाकरमान्यांनी शिव्या घातल्या, कंपनीचे भाडे बुडाले. तो बावटा त्याला नडणार, असे मीही धरून चाललो होतो. बढती त्याच्याबरोबरचे कारकून सदूभाऊ यांचीच, नोकरीत जुने, उतारूही जास्त भरतात.

पण साहेबांनी विचारले कोणाला? पडाव हाकणाऱ्या तांडेलांना! म्हातारा इब्राहिम तांडेल म्हणाला, "सदूभाऊ जा म्हणाले तर मी आधी आभाळाकडे बघीन, साहेब. वसंतराव म्हणाले तर थेट पडाव सोडीन." बाकीच्यांनी माना डोलावल्या. म्हणजे बावट्यानेच काम केले की!

ही म्हणाली, "आता भाऊजींचा रुबाब बघायला नको."

उद्या सदूभाऊ सोने द्यायला येतील. यायलाच हवे, परवापासून वसंताच्या हाताखाली काम करायचे आहे.